न दिसलेल्या चुकांची मोजदाद

श्रोतेहो, खेड्यात तार आली म्हणजे काय धांदल उडत असे, ते जुन्या माणसांना आठवत असेल. तार हातात पडली की आधी काळजात धस्स व्हायचे. मग तो इंग्रजी कागद घेऊन कोणीतरी मास्तरांच्या घराकडे धावायचे. मास्तर चष्मा लावून वाचायचे, आणि सारे घर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचे. आपल्या देशातली ही तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यात बंद झाली. पण त्या दिवसांत एक प्रश्न फारसा कोणाच्या मनात येत नसे. तारेतून आलेला शब्द हा पाठवणाऱ्याने लिहिलेलाच शब्द आहे, हे कशावरून?

या प्रश्नापायी एका व्यापाऱ्याला फार मोठी ठोकर बसली. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी फ्रँक प्रिमरोज नावाचा लोकरीचा व्यापारी होता. १८८७ च्या जून महिन्यात त्याने कॅन्सस प्रांतातल्या आपल्या अडत्याला तार केली. तार सांकेतिक शब्दांत होती. तीत ‘बी-ए-वाय’ असा एक शब्द होता, आणि त्याचा ठरलेला अर्थ होता ‘मी खरेदी केली आहे’. वाटेत कुठेतरी एक टिंब जास्त पडले. मोर्सच्या लिपीत ‘ए’ म्हणजे एक टिंब आणि एक रेघ; ‘यू’ म्हणजे दोन टिंबे आणि एक रेघ. त्या एका टिंबाने शब्द झाला ‘बी-यू-वाय’, म्हणजे ‘खरेदी कर’! अडत्याने इमानेइतबारे लोकर खरेदीचा सपाटा लावला. प्रिमरोजला वीस हजार डॉलरांहून अधिक खोट बसली.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९४ साली निकाल लागला. वेस्टर्न युनियन या तार कंपनीच्या छापील कागदावर एक अट होती. चूक टाळायची असेल, तर निम्मे पैसे जास्त भरावेत आणि तार उलट मागवून पडताळून घ्यावी. प्रिमरोजने तसे केले नव्हते. तेव्हा न्यायालयाने त्याला तारेचा खर्च तेवढा मान्य केला: एक डॉलर पंधरा सेंट.

आता हिशेबी माणूस म्हणून विचार करा. हे निम्मे पैसे जास्त द्यावेत की नाही, हे ठरवायचे कशावर? चूक शंभर तारांत एकदा होत असेल तर द्यावेत. कोटीत एकदा होत असेल तर कदाचित देऊ नयेत. म्हणजे सारे घोडे येऊन अडते ते एकाच प्रश्नापाशी: चूक किती वेळा होते? आणि चूक जितकी दुर्मिळ, तितका हा प्रश्न अवघड. आजच्या बोलण्याचा विषय हाच आहे. क्वचित होणारी चूक जन्मभर वाट न पाहता कशी मोजायची, हे माणूस हळूहळू कसे शिकला, त्याची ही हकीकत.

प्रथम चूक होते कशी ते पाहू. आपल्या रेडिओत कधी कधी खरखर ऐकू येते ना? तशी खरखर प्रत्येक तारेत, प्रत्येक लहरीत थोडीबहुत असतेच. आवाज जसाच्या तसा दूरवर पाठवला, तर प्रत्येक टप्प्यावर ही खरखर त्यात भरत जाते. १९३७-३८ च्या सुमारास ॲलेक रीव्ज नावाच्या इंग्रज अभियंत्याने यावर एक युक्ती काढली. आवाजाचे क्षणाक्षणाला माप घ्यायचे, त्या मापाचा आकडा करायचा आणि तो आकडा ‘एक’ व ‘शून्य’ या दोनच चिन्हांत पाठवायचा. या चिन्हाला बिट म्हणतात. पलीकडच्या यंत्राने एवढेच ठरवायचे: आलेला विजेचा ठोका ठरलेल्या रेघेच्या वर आहे की खाली? वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. ही रेघ म्हणजे घराचा उंबरठाच समजा ना. मधल्या प्रत्येक ठाण्यावर ठोका ओळखून तो पुन्हा कोरा करकरीत पुढे पाठवता येतो. मागची खरखर मागेच राहते. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल कंपनीने या पद्धतीची टेलिफोन यंत्रणा प्रत्यक्ष सुरू केली. एका वेळी २४ जणांची बोलणी तीतून जात, आणि सेकंदाला सुमारे १५ लाख ४४ हजार बिट धावत.

तरीही चूक होतेच. खरखर एखाद्या क्षणी इतकी उसळते, की शून्याचा ठोका उंबरठा ओलांडून जातो आणि यंत्र त्याला ‘एक’ समजते. प्रिमरोजच्या तारेत एक टिंब वाढले, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की ही चूक कोट्यवधी बिटांत एखादी असते.

ती मोजायची सरळ रीत कोणालाही सुचेल. आपल्याला आधीच माहीत असलेले बिट एका टोकाने सोडावेत, दुसऱ्या टोकाला ताडून पाहावेत आणि चुका मोजाव्यात. रीत चांगली आहे, पण ती वेळ फार खाते. १९८८ साली अटलांटिक महासागराच्या तळातून काचेच्या तंतूंची पहिली दूरध्वनी तार अमेरिका, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये सुरू झाली. तिच्या तंतूंच्या एका जोडीतून सेकंदाला २८ कोटी बिट जात. समजा, अशा तारेत एक लाख कोटी बिटांमागे एक चूक होते. म्हणजे साधारण तासाला एक. आता ती दहा कोटी कोटी बिटांमागे एक होते असे धरा. मग पहिली चूक दिसायलाच सरासरी ४१ दिवस लागतील.

बरे, एक चूक दिसली म्हणून भागते का? भागत नाही. येथे घोड्यांच्या लाथांची एक गोष्ट सांगतो. लाडिस्लाउस फोन बोर्टकीविच या पंडिताने १८९८ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. प्रशियाच्या सैन्यात घोड्याने लाथ मारल्यामुळे किती शिपाई मेले, त्याची २० वर्षांची नोंद त्याने तपासली. दहा पलटणसमूह आणि २० वर्षे, मिळून २०० नोंदी. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता. ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तिघांत तीन, आणि एकात चार. चार मृत्यू ज्या वर्षी झाले, त्या वर्षी घोडे बिथरले होते का? मुळीच नाही. प्वासाँ या फ्रेंच गणितीने १८३७ साली दिलेल्या सूत्राने हिशेब केला, तर शून्य मृत्यूच्या नोंदी सुमारे १०९, एक मृत्यूच्या ६६ आणि दोनच्या २० याव्यात असेच उत्तर येते. क्वचित घडणाऱ्या गोष्टी अशाच येतात. कधी वर्ष कोरडे, तर कधी एकदम चार.

यावरून एक नेम निघतो. तुम्ही जितक्या चुका मोजल्या, त्या संख्येचे वर्गमूळ काढा; अंदाज साधारण तेवढ्याने इकडे तिकडे होऊ शकतो. चार चुका मोजल्या तर दोनचा फरक, म्हणजे निम्म्याने घोटाळा. शंभर मोजल्या तर दहाचा फरक, म्हणजे शेकडा दहा. तेव्हा भरवशाचा आकडा हवा असेल, तर शंभरएक चुका मोजल्या पाहिजेत. ४१ दिवसांना एक चूक धरली, तर शंभर चुकांना ११ वर्षे लागतील! तोवर नवी तार जुनी होऊन जाईल.

आणि एकही चूक दिसली नाही तर? तेव्हा ‘चूक होतच नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. येथे गणिती लोक तिनाचा नियम सांगतात. जितक्या वेळा पाहिले आणि काहीच घडले नाही, त्या संख्येने तिनाला भागा. चुकीचे प्रमाण त्याहून जास्त नसावे, असे शंभरांत ९५ हिश्श्यांच्या खात्रीने म्हणता येते. एक कोटी बिट बिनचूक आले, तर खात्रीने एवढेच म्हणता येईल की चुका कोटीत तिनाहून अधिक नसाव्यात. त्यापुढचे बोलणे म्हणजे नुसती आशा.

मग यातून वाट कशी काढली? पहिली वाट दाखवली ती पुराचा अभ्यास करणाऱ्यांनी. तुम्ही म्हणाल, तारेच्या चुकीचा आणि नदीच्या पुराचा काय संबंध? प्रश्न एकच आहे. धरण बांधणाऱ्याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती मोठा असेल ते हवे असते. पण हाती नोंदी मात्र तीस-चाळीस वर्षांच्याच असतात. नाझींना विरोध केल्यामुळे जर्मनी सोडावी लागलेले एमिल गुंबेल यांनी १९४१ साली यावर एक लेख प्रसिद्ध केला. दर वर्षीचा फक्त सर्वांत मोठा पूर घ्या. त्या मोठ्यांतल्या मोठ्यांची चढण एका ठराविक नियमाने जाते, आणि तो नियम धरून न पाहिलेल्या पुरापर्यंत पोचता येते, असा त्यांचा मार्ग होता. १९५३ च्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये समुद्र बांध फोडून आत घुसला आणि १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर मध्य हॉलंडमधले बांध दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याच्या हिशेबाने उंच करायचे ठरले. दहा हजार वर्षांच्या नोंदी कोणाजवळ आहेत? तो हिशेब अशाच गणितावर उभा राहिला.

हेच गणित एडवर्ड पॉझनर यांनी १९६५ साली संदेशवहनाला लावले. पुराऐवजी खरखर घ्या. आलेल्या ठोक्यांचे गट पाडा, प्रत्येक गटातली सर्वांत मोठी उसळी टिपून ठेवा आणि उंबरठा ओलांडणारी उसळी किती दिवसांनी येईल ते काढा. चूक प्रत्यक्ष होण्याची गरजच नाही!

१९६८ साली गुडिंग नावाच्या अभियंत्याने याच्याच जवळची दुसरी युक्ती मांडली. खरा उंबरठा आहे तिथे राहू द्या, पण शेजारी एक लबाड उंबरठा ठेवा, जो शून्याच्या बाजूला बराच सरकवलेला आहे. त्यावरून खोट्या चुका भराभर होतील. त्या मोजा. मग उंबरठा थोडा थोडा खऱ्या जागेकडे आणा आणि चुका कशा कमी होत जातात, त्याचा आलेख काढा. योग्य मापाच्या कागदावर हा आलेख सरळ रेघेसारखा येतो. ती रेघ पुढे खऱ्या उंबरठ्यापर्यंत वाढवली की उत्तर मिळते. १९९३ साली बर्गानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्राखालच्या प्रकाशतंतूंसाठी ही रीत पक्की केली. तिचा फायदा पाहा. आपल्या २८ कोटी बिटांच्या तारेत लाखाला एक चूक होईल इतका उंबरठा सरकवला, तर एका सेकंदात २,८०० चुका मोजायला मिळतात. जिथे ११ वर्षे बसावे लागत होते, तिथे काम थोड्याच वेळात उरकते. १८७० साली मुंबई समुद्रातल्या तारेने एडनमार्गे इंग्लंडला जोडली गेली. त्याच मुंबईच्या किनाऱ्यावर आज प्रकाशतंतूंच्या अनेक तारा येऊन लागतात. त्यांच्या भरवशाचा हिशेबही असाच मांडावा लागतो.

पण यंत्रणा अजून बांधलेलीच नसेल तर? ती कागदावरच असताना तिच्या चुका कशा कळायच्या? येथून गोष्ट गणकयंत्रांकडे, म्हणजे आजच्या भाषेत संगणकांकडे वळते. १९४६ साली स्टानिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत होते. वेळ जावा म्हणून ते पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे फार किचकट. मग शंभर डाव खेळून किती सुटले ते मोजले तर? हा विचार त्यांनी जॉन फोन नॉयमन यांना सांगितला, आणि यंत्राकडून लाखो डाव खेळवण्याची रीत जन्मली. जुगाराच्या प्रसिद्ध गावावरून तिला मॉन्टे कार्लो हे नाव पडले.

पण दुर्मिळ गोष्टीसाठी ही रीतही थकते. अणुभट्टीभोवतीच्या जाड भिंतीतून पलीकडे जाणारा कण फारच विरळा. सगळे कण भिंतीतच जिरतात, आणि यंत्र फुकट राबते. १९५१ साली हर्मन कान आणि थिओडोर हॅरिस यांनी यावर लेख लिहिला. त्या काळात पुढे आलेली मोठी युक्ती मी शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी वर्गात करता येईल अशा रूपात सांगतो.

चार फासे एकदम टाकले, तर चारही सहा पडण्याची शक्यता १,२९६ त एक. दहा वेळा तसे पडलेले पाहायचे म्हणजे तेरा हजार वेळा फासे टाकायला हवेत. मुले कंटाळून जातील. त्याऐवजी फाशांच्या जागी चार नाणी घ्या आणि छापा म्हणजे ‘सहा’ समजा. हा झाला खोटा फासा. त्यात सहा निम्म्या वेळा पडतो. चारही छापे पडण्याची शक्यता सोळात एक. मुलांकडून चार नाणी १६० वेळा उडवून घ्या. दहाएक वेळा चारही छापे येतील. आता हिशेब खरा करायचा. खऱ्या फाशात सहा पडण्याचा हिस्सा एक-षष्ठांश, खोट्यात एक-द्वितीयांश. म्हणून दर फाशामागे यश एक-तृतीयांश धरायचे. चार फाशांना तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे प्रत्येक यशाचे वजन एक-एक्याऐंशांश. सोळाला ८१ ने गुणा: १,२९६! तेरा हजारांचे काम १६० त झाले. फासा खोटा घेतला, पण वजन चोख लावले.

ही युक्ती १९८० साली षण्मुगम् आणि बालाबान यांनी संदेशवहनाला लावली. संगणकात तारेचे सोंग उभे करायचे, त्यात खरखर मुद्दाम वाढवायची, चुका भरपूर होऊ द्यायच्या आणि प्रत्येक चुकीला तिचे हलके वजन लावायचे. १९८४ साली मायकेल जेरुकिम यांनी अशा साऱ्या रीती एका लेखात शेजारी शेजारी मांडून प्रत्येकीची खोच दाखवली. १९८८ साली लू आणि याओ यांनी आणखी सुधारणा केली. खरखर सरसकट वाढवण्यापेक्षा ती चुकीच्या दिशेला ढकलावी, म्हणजे मोजणी आणखी थोडक्यात होते, असे त्यांनी दाखवले.

पण श्रोतेहो, या साऱ्यात एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हे बोलणे पुरे होणार नाही. रेघ पुढे वाढवताना आपण असे धरून चालतो, की लांबची चूक जवळच्या चुकीच्याच जातीची आहे. ते नेहमी खरे नसते. तारेचा एखादा सांधा सैल असेल, जवळ वीज पडली असेल, तर चुका झुंडीने येतात. रोजच्या खरखरीचा कितीही बारीक अभ्यास केला, तरी त्या झुंडीचा पत्ता लागत नाही. खोट्या फाशाचेही तसेच. तो भलत्याच बाजूला जड केला, तर खरी चूक ज्या वाटेने येते ती वाट आपण पाहतच नाही, आणि उत्तर मात्र फार छान, फार लहान येते. म्हणून जाणता अभियंता झटपट हिशेब करतो, आणि त्याबरोबर एक तार दिवसेंदिवस चालू ठेवून साधी मोजणीही करत राहतो. दोन्ही जुळले तर ठीक. न जुळले तर गृहीत धरलेले काहीतरी चुकले आहे.

हा धडा तारेपुरता नाही. उद्या बाजारात कोणी सांगेल, ‘हे औषध दिल्यावर एकही जनावर दगावले नाही.’ त्याला विचारा, ‘किती जनावरांना दिले?’ तो तीस म्हणाला, तर तीसने तिनाला भागा. शंभरांत दहापर्यंत जनावरे दगावण्याची शक्यता अजून उघडीच आहे. तीनशे म्हणाला, तर शंभरांत एकापर्यंत. औषध वाईट आहे असा याचा अर्थ होत नाही. त्याच्या बोलण्यात किती वजन आहे, तेवढे कळते.

प्रिमरोजच्या काळी तार कंपनीने त्याला दोनच वाटा ठेवल्या होत्या: निम्मे पैसे जास्त द्या, नाहीतर नशिबावर हवाला ठेवा. चुकीचे प्रमाण किती, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आज ते सांगता येते, आणि ११ वर्षे थांबावेही लागत नाही. मात्र सांगणाऱ्याने किती पाहिले आणि काय गृहीत धरले, हे दोन्ही उघड सांगितले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने ते विचारले पाहिजे. शाळेत मुलांना चार नाणी उडवायला लावा. फळ्यावर १,२९६ हा आकडा त्यांच्या हातून उतरला, की हा प्रश्न विचारायची सवय त्यांना आपोआप लागेल.